वडिलांना घेऊन मंत्रालयात जायचं आहे, गेटवरची पद्धत सांगा (जळगाव-धुळे-नंदुरबारकर, मदत करा)

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातली आमची थोडी जमीन एका सरकारी प्रकल्पात गेली. मोबदला मिळाला, पण शेजारच्या गटाला बागायती धरलं आणि आमच्याला जिरायती. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असूनही. वाढीव मोबदल्याचा अर्ज देऊन बराच काळ लोटला. कचेरीत विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "फाईल मंत्रालयात आहे."

आता वडिलांनी हट्ट धरलाय की मी स्वतः मुंबईला जाऊन साहेबाला विचारणार. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे कुरकुरतात, फोन बटणांचा. मी पुण्यात नोकरीला, म्हणजे सुट्टी काढून मलाच सोबत जावं लागणार. अ‍ॅपशिवाय आत सोडत नाहीत म्हणतात ते खरं का? चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय, त्यात म्हाताऱ्या माणसाचं काय होतं? पिशवीत काय चालतं, काय नाही? रात्रीच्या गाडीनं जाऊन दुसऱ्या रात्री परत निघणं जमेल का?

वडिलांचा प्रश्न मात्र एकच आहे, "अडकित्ता नेऊ देतीन का?" हसू नका, त्यांच्या दृष्टीनं मुद्दा गंभीर आहे.

वरणबट्टी

मग अडकित्त्यापासूनच सुरुवात करू. तो घरी ठेवायचा. काडेपेटी, लायटर, तंबाखूची पुडी, चाकू, दाभण, हेही घरीच.

मी एका शिक्षण संस्थेत कामाला आहे. संचमान्यता (म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी) आणि अनुदानाच्या कागदांपायी मला तिकडं वरचेवर जावं लागतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून मंत्रालयात प्रवेश 'डिजिप्रवेश' अ‍ॅपवरून आहे. आधार क्रमांक टाकून एकदा नोंदणी करायची, फोटो द्यायचा, मग कोणत्या विभागात काम आहे ते निवडून पास घ्यायचा. गेटवर यंत्र चेहरा जुळवतं. ज्यांच्याकडं तसा फोन नाही त्यांच्यासाठी गार्डन गेटजवळ खिडकी आहे, तिथली माणसं नोंदणी करून देतात. मूळ आधार कार्ड सोबत असू द्या. नुसत्या झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका.

वेळ महत्त्वाची. सर्वसाधारण लोकांना दुपारी २ नंतर आत सोडतात. ज्येष्ठ, दिव्यांग आणि गंभीर आजारी असलेल्यांना पुरावा दाखवून १२ वाजता. म्हणजे बघा, वडील १२ ला आत आणि तुम्ही २ पर्यंत फुटपाथवर, अशी गोची होऊ शकते. त्यांना चालायला आधार लागतो हे खिडकीवर आधीच सांगा.

अजून एक. पूर्वी एका पासावर माणूस सगळे मजले पालथे घालायचा. आता ज्या विभागाचा पास त्याच विभागात जाता येतं. त्यामुळं विभाग अचूक ठाऊक हवा. भूसंपादन म्हटल्यावर लोक डोळे झाकून महसूल निवडतात आणि कागद निघतो जलसंपदात नाहीतर बांधकामात. अख्खा दिवस वाया. आणि रोकड दहा हजारांच्या आत ठेवा, २०२३ च्या नियमावलीत ती मर्यादा घातली गेली. आपल्याकडची जुनी माणसं मुंबईला निघाली की 'दवाखानाही करून येऊ' म्हणून बनियनच्या खिशात बंडल ठेवतात, म्हणून सांगून ठेवतो.

गाडीचं म्हणाल तर जळगावला रात्री अमरावती-मुंबई किंवा विदर्भ धरा, सकाळी सीएसएमटी. अमळनेरहून खान्देश एक्स्प्रेस सुरतमार्गे मुंबईला जाते, पण ती रोज नाही, वार बघून घ्या. सीएसएमटीहून आता भुयारी मेट्रो आहे, 'विधान भवन' स्थानकावर उतरलं की मंत्रालय चालत अगदी जवळ. दुखऱ्या गुडघ्यांना टॅक्सीच्या घासाघाशीपेक्षा बरं. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूमला टाका, कागदांची पिशवी तेवढी हातात ठेवा.

मंत्रिमंडळाची बैठक बहुधा मंगळवारी असते. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र तिथं लोटलेला असतो. आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं तेव्हा साहेब लोक तिकडं असतात. तेव्हा मुंबईला गेलात तर शिपायाशी गप्पा मारून परत याल.

अहिरानी आज्जा

भाऊ, अडकित्तानं सोडा, चुनानी डबी बी काढी लेतस. आनि परत मांगाले गयं का म्हनतस, "बाबा, कोनती डबी?"

सातपुडा पायथा

वरणबट्टी यांनी सगळं नीट सांगितलंय. मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे, मुंबईचा फारसा अनुभव नाही, पण दारावरच्या तपासणीचं आमच्याकडचं चित्र सांगते.

धडगाव-अक्कलकुव्याकडून बाया जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. पहाटे निघालेल्या असतात. अंगावर चांदीचे दागिने, पायात, दंडात, गळ्यात. धातुशोधक चौकटीतून गेल्या की यंत्र ओरडतं. बाई घाबरून मागं सरते, मागची रांग पुढं ढकलते. ड्युटीवर महिला पोलीस असली तर तिला पडद्याआड नेऊन दोन मिनिटांत सोडते. नसली की तिला बाजूला उभं करतात आणि तिच्यामागून आलेले दहा पुरुष आत जातात. ती काही बोलत नाही. बोलली तरी पावरी नाहीतर भिली बोलते, गेटवरच्याला कळत नाही. आमच्यातले शिक्षक कुणी दिसले तर मधे पडून सांगतात.

माझा आग्रह एवढाच की जिथं जिथं धातुशोधक बसवाल तिथं महिला कर्मचारी पूर्णवेळ ठेवा. यंत्राचा खर्च मंजूर होतो आणि माणसाचा होत नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

बोरीकाठ, कागद प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा. कापडी पिशवीत गाठोडं असलं की सगळं टेबलावर ओतायला लावतात आणि परत भरताना एखादा उतारा मागं राहतो.

काळी माती

सगळे गेटमधून कसं जायचं ते सांगताय. गेटमधून गेल्यावर काय, ते मी सांगतो. मी शिंदखेडा तालुक्यातला आहे.

आमच्या तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. सौरऊर्जा प्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदला तुटपुंजा. वर्षानुवर्षं चकरा मारल्या. २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतलं, २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात गेले. वय ऐंशीच्या पुढं. म्हाताऱ्याला आत जाता आलं होतं, पासही मिळाला होता. अडचण पासाची नव्हतीच.

त्यानंतर काय झालं? पुढच्याच महिन्यात मंत्रालयाच्या मधल्या चौकात जाळी बांधली, कुणी वरून उडी मारली तर अडकावं म्हणून. पुढं तपासणी वाढली, यंत्रं आली, अ‍ॅप आलं. लोकांना उडी मारावीशी का वाटते यावर बैठका झाल्या असतील, जाळी मात्र दिसते. बोरीकाठ, तुमच्या वडिलांचा आणि धर्मा पाटलांचा प्रश्न हुबेहूब एकच आहे. म्हणून अडकित्त्यावर हसायला मला जमलं नाही.

खाकीतला भाऊ

काळी माती, तुमचं दुःख खरं आहे. पण दारावर उभं राहणाऱ्याची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. मी महाराष्ट्र सुरक्षा बलात आहे. कुठल्या इमारतीवर ते सांगत नाही.

तुम्हाला वाटतं आम्ही पाण्याची बाटली उगाच उघडून बघतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, या तीन तारखा आल्या की जिल्ह्याच्या कचेऱ्यांमध्ये आत्मदहनाच्या इशाऱ्यांची निवेदनं येऊन पडतात. रस्ता मिळाला नाही, घरकुलाचा हप्ता अडला, अतिक्रमण निघालं नाही. पोलीस त्यांना नोटिसा देतात, समजावतात. तरी त्यातला एखादा खरंच बाटली घेऊन येतो. झेंडावंदन सुरू असतं, पालकमंत्री उभे असतात, आणि गर्दीत कोण कशासाठी आलंय हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. त्या दिवशी आम्ही प्रत्येक बाटलीचा वास घेतो. बाटली हिसकावताना अंगावर रॉकेल सांडलेले सहकारी मी पाहिलेत. अशा वेळी माणूस वाचला तर बातमी दोन ओळींची असते.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. जूनपासून दिवाळीपर्यंत शेतकरी तालुक्याला किंवा जिल्ह्याला आला की एका चकरेत सगळी कामं उरकतो. आधी कृषी केंद्र, मग कचेरी. म्हणजे पिशवीत कपाशीवर फवारायचं औषध, बिल सुद्धा सोबत, आणि माणूस सरळ साहेबाच्या दालनाकडं निघालेला. त्याच्या मनात काहीच नसतं. पण पिशवीत कीटकनाशक आणि हातात मोबदल्याचा अर्ज असा माणूस दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. तुम्ही म्हणता ते धर्मा पाटील आम्हालाही आठवतात. मग बसवून ठेवतो, पोलिसांना बोलावतो, चौकशी होते, त्याची दुपार जाते आणि तो आम्हाला शिव्या घालत घरी जातो.

तेव्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो. औषध कचेरीचं काम झाल्यावर घ्या. आधीच घेतलं असेल तर दुकानातच ठेवा, कृषी केंद्रवाले ओळखीचे असतात, संध्याकाळपर्यंत सांभाळतात. रिकामा डबाही आणू नका. विळा-खुरपी धार लावायला आणली असेल तर तीही तिथंच.

काळी माती

भाऊ, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला बारा तास उभं करणारे वेगळे आणि आम्हाला बारा वर्षं उभं करणारे वेगळे, की तेच, हे मात्र बघायला पाहिजे.

औषधाचं सांगितलं ते पटलं. आमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो.

डिफेन्स कॉलनी

मी वरणगाव ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालो. भुसावळची फॅक्टरी १९४९ ची, आमची १९६४ ची. २०२१ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही नव्या सरकारी कंपन्यांकडं गेल्या, पण गेटची शिस्त होती तशीच. आयुष्यभर झडती देऊन आत गेलो आणि झडती देऊन बाहेर आलो. मोबाईल बाहेर, काडेपेटी बाहेर. कधी अपमान वाटला नाही. कारण साधं होतं: मोठ्या साहेबापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना तोच नियम, आणि नियम रोज तोच.

नागरी कचेऱ्यांचं तसं नाही. सोमवारी पिशवी चालते, मंगळवारी चालत नाही. पांढऱ्या कपड्यातला कार्यकर्ता चार पोरं घेऊन सरळ आत, आणि टोपीवाला शेतकरी वहीत नाव, गाव, मोबाईल, काम, भेटीचं कारण लिहीत बसलेला. लोकांना राग झडतीचा येत नाही हो, या भेदाचा येतो.

वरणबट्टी

अगदी. त्या वहीत 'भेटीचं कारण' या रकान्यात लोक काय काय लिहितात ते वाचण्यासारखं असतं. एकानं लिहिलं होतं, "साहेबांनाच माहीत."

कॅमेरा चालू

मी तर मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवूनच सरकारी ऑफिसात शिरतो. एकदम सुतासारखे सरळ होतात. गेटवर अडवलं तर तेही शूट करायचं. कोर्टानं परवानगी दिलेली आहे.

कलम सहा

थांबा. कोर्टानं काय म्हटलंय ते नीट समजून घ्या, नाहीतर इथलं वाचून एखादा पोरगा अडकेल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये आणि आपल्या औरंगाबाद खंडपीठानं २०२४ मध्ये निकाल दिले आहेत. ते पोलीस ठाण्यात केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल आहेत. शासकीय गुपिते कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणून जी यादी आहे त्यात पोलीस ठाणं बसत नाही, म्हणून त्या कायद्याखाली हेरगिरीचा गुन्हा होत नाही, असा त्याचा अर्थ. कुठल्याही सरकारी दालनात कॅमेरा रोखून उभं राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आणि डिफेन्स कॉलनीकाका जिथं होते, त्या फॅक्टरीच्या गेटवर असला प्रयोग केलात तर गोष्ट फार वेगळ्या वळणावर जाईल, कारण संरक्षणाच्या जागा त्या यादीत आहेत.

झटापट झाली आणि कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लागला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, म्हणजे पूर्वीचं ३५३. खान्देशात या कलमाखाली तारखांना फिरणारे कार्यकर्ते मला ठाऊक आहेत. मूळ काम बाजूला राहिलं आणि जामिनाचं काम सुरू झालं.

कॅमेरा चालू

मग लाच मागितली तर काय, हात जोडायचे?

कलम सहा

नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करायचा. ते सापळा लावतात, पंच आणतात, रेकॉर्डिंगही तेच करतात. कोर्टात ते टिकतं. तुझी इन्स्टावरची रील लोक दोन दिवस बघतील.

निवृत्त अव्वल कारकून

चर्चा वाचतोय. बोरीकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडं वळू या, कारण माझ्या मते तो प्रश्नच चुकीच्या दारापाशी उभा आहे.

मी महसुलात होतो. डाक घेऊन मंत्रालयात गेलेलो आहे, २१ जून २०१२ ला आग लागली त्याच्या आधीही आणि नंतरही. आगीनंतर कित्येक प्रकरणांच्या प्रती जिल्ह्यांकडून परत मागवल्या गेल्या. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात एक वाक्य फार सोयीचं झालं, "तुमची फाईल वर आहे." हे वाक्य खरंही असू शकतं. पण निम्म्या वेळा त्याचा अर्थ असतो की टेबलावर दिसत नाही, आणि शोधायला मला आत्ता वेळ नाही.

मुंबईचं तिकीट काढण्याआधी कचेरीत एकच गोष्ट विचारा: जावक क्रमांक आणि दिनांक. कुठलाही प्रस्ताव कार्यालयाबाहेर गेला की त्याची जावक नोंद होते. आता ई-ऑफिस आहे, त्यात तर कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे तेही दिसतं. जावक क्रमांक सांगता येत नसेल तर फाईल बाहेर गेलेली नाही, असं सरळ समजायचं.

तोंडी विचारून दाद लागणार नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कचेरीतल्या फायली-नोंदवह्या, बघता येतात. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. बऱ्याच कचेऱ्यांत याची पाटी लावलेली नसते, आणि गेटवरच्या माणसाला तर हा निर्णय कुणी सांगितलेलाच नसतो. म्हणून त्याची प्रत छापून हातात ठेवा. गेटवर कारण विचारलं की 'साहेबांना भेटायचंय' म्हणायचं नाही. 'अभिलेख पाहणी, सोमवार ३ ते ५' एवढंच सांगायचं. कागद दाखवला की वाद होत नाही.

महिन्याचा पहिला सोमवार मात्र टाळा. त्या दिवशी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, आवारात तोबा गर्दी, तपासणी कडक आणि अधिकारी सभागृहात अडकलेले.

नोंदवही बघताना फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. नाही म्हणाले तर वहीत उतरवून घ्या आणि नक्कल मागणीचा अर्ज द्या.

बोरीकाठ

साहेब, मनापासून आभार. या सोमवारी गावी आहे. पहिला सोमवार नाही, पंचांग बघून खात्री केली. जिल्ह्याला जाऊन येतो आणि मग लिहितो.

सातपुडा पायथा

कुणाला वैद्यकीय मदतीसाठी मुंबईला जायचं असेल तर तेही थांबा. मुख्यमंत्री सहायता निधीचे कक्ष १ मे २०२५ पासून प्रत्येक जिल्ह्यात सुरू झालेत. आमच्याकडून एक पालक आजारी मुलाला उचलून मुंबईला निघाले होते, त्यांना अर्ज जिल्ह्यातच देता आला. हे कुणीच सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

वरणबट्टी

आणि समजा जावंच लागलं, तर मंत्रालयाच्या दाराशी मध्यवर्ती टपाल केंद्र आहे. आत गेला नाहीत तरी अर्ज तिथं देऊन पोच घेता येते. कित्येक लोक साहेबाला हातात अर्ज देण्याच्या नादात दिवसभर थांबतात, साहेब अर्ज पीएकडं देतात, पीए टेबलावर ठेवतो, आणि त्याला क्रमांकच पडत नाही. मला विचाराल तर साहेबाच्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा शिक्का बरा.

अहिरानी आज्जा

पन भाऊ, सायेबना संगे फोटो निंघस ना! गावमा बॅनर लावाले कामे येस.

बोरीकाठ

मंडळी, सोमवारी जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

गेटवर वडिलांची कोपरी, खिसे, पिशवी सगळं तपासलं. तंबाखूची डबी काढून घेतली. वडिलांनी तिथल्या पोराला त्याचं गाव विचारलं, तो निघाला पारोळ्याकडचा. मग त्यानं डबी टेबलाच्या खणात वेगळी ठेवली आणि "बाबा, जाताना आठवणीनं मागा" म्हणाला. अडकित्ता घरीच होता, खाकीतल्या भाऊंनी निश्चिंत राहावं.

'कशासाठी' असं विचारल्यावर मी शासन निर्णयाची प्रत पुढं केली. पोरानं ती आतल्या हवालदाराला दाखवली, हवालदारानं फोन लावला, फोनवरच्यानं आणखी कुणाला तरी विचारलं. त्यात बराच वेळ गेला, पण सोडलं.

आत नोंदवही बघू द्यायला थोडी चालढकल झाली. "आज साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या." मी म्हटलं निर्णयात साहेब असले पाहिजेत असं कुठं लिहिलेलं नाही, आणि आम्ही बाकड्यावर बसून राहतो. वडील खरंच पाय पसरून बसले. त्यानंतर एका बाईंनी नोंदवही आणून दिली. चांगल्या बोलल्या, खुर्चीही दिली.

मंत्रालयाच्या नावाची जावक नोंदच नाही. आमचा प्रस्ताव संयुक्त मोजणीचा (संबंधित खात्यांनी मिळून केलेल्या जमिनीच्या मोजणीचा) अहवाल मागायला भूमी अभिलेखकडं गेला होता. तो अहवाल आला, आवक नोंदही झाली, आणि पुढं काही झालेलं नाही. ज्या टेबलावरून इतके दिवस 'मंत्रालयात आहे' ऐकत होतो, त्याच्या मागच्या रांगेतल्या टेबलावर फाईल पडून होती. बाईंनी कपाटातून काढून दाखवली.

मला संताप आला. वडील मात्र फाईलवर हात ठेवून म्हणाले, "सापडनी ना, बस." मग लगेच दुसरं सुरू केलं, तरी मुंबईला जाऊच, मेट्रो बघायची राहिलीय.

आता पुढं काय करू?

काळी माती

वाचून अंगावर काटा आला. किती लोकांनी या एका वाक्यापायी मुंबईच्या चकरा मारल्या असतील.

निवृत्त अव्वल कारकून

फाईल दिसली हे चांगलं झालं, पण दिसली म्हणजे हलली नाही. पुढचं असं करा.

संयुक्त मोजणीच्या अहवालात विहीर दाखवलेली आहे का, हे आधी बघा. त्याची नक्कल मागा. विहीर असेल तर तुमचं काम सोपं. नसेल तर सातबाऱ्यावरची नोंद, विहिरीच्या कर्जाचा किंवा वीज जोडणीचा कागद जोडून फेरमोजणी मागावी लागेल. मग दुसरा अर्ज करा. त्यात भांडण नको, इतिहास नको. 'अमुक दिनांकाला अभिलेख पाहणी केली, संयुक्त मोजणी अहवाल अमुक आवक क्रमांकानं प्राप्त झालेला आहे, त्यानंतर प्रस्तावावर कार्यवाही दिसत नाही, ती करून कळवावं.' खाली एक ओळ टाका: शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम, कलम १०. त्याप्रमाणं कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. ही ओळ वाचली की टेबलावरचा माणूस खुर्ची पुढं ओढून बसतो, हा माझा अनुभव आहे, कारण त्या खुर्चीत मीही बसलोय.

अर्ज आवक शाखेत द्या, टेबलावर नको. तुमच्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. ज्या बाईंनी खुर्ची दिली त्यांचं नाव तक्रारीत कुठंही येऊ देऊ नका. कपाट त्यांनी उघडलं.

खाकीतला भाऊ

डबी परत मिळाली का?

बोरीकाठ

मिळाली. वर त्या पोरानं त्यातली चिमूटभर मळून घेतली म्हणे.

तितूरकाठ

मी चाळीसगावचा, इथं पहिल्यांदाच लिहितोय. आमचंही रस्त्यात गेलेल्या जमिनीचं प्रकरण आहे आणि आम्हालाही 'वर गेलंय' असंच सांगतात. प्रांत कार्यालयात सोमवारी ३ ते ५ चालेल का, की जिल्ह्यालाच जावं लागेल? आणि तो शासन निर्णय कुठं मिळतो?

निवृत्त अव्वल कारकून

प्रांतालाही लागू आहे, तिथूनच सुरुवात करा. निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर सामान्य प्रशासन विभागाखाली तारीख टाकून शोधा. दोन प्रती काढा, एक गेटवर राहते.